सोनकांबळे सरांचा रविवार

आमचे सोनकांबळे सर रोज चहाला एक खोटं बोलतात. पकडलं तर कपबशा सर धुणार, नाही तर आम्ही. "काल सोसायटीच्या मीटिंगमध्ये एकमत झालं," हेसुद्धा ते इतक्या गंभीरपणे सांगतात की पहिलं वर्षभर माझे हात साबणातच होते.

यामागे शास्त्र आहे म्हणे. शहराची वीज सांभाळणाऱ्या एआयला कुणी मीटरचे खोटे आकडे भरवले, तर त्याला ते ओळखता यायला हवेत. यावर हॉस्टेलवर राहणारे आम्ही चौघं सरांकडे पीएच.डी. करतो. "ज्याला माणसाचं खोटं कळंना, तो मशीनला काय शिकवणार लेकरांनो?" हे त्यांचं लातुरी तत्त्वज्ञान.

सरावासाठी ते स्वतःच्या घरच्या मीटरचे उपकरणवार आकडे देतात आणि आठवड्याला एक आकडा गुपचूप बदलतात. माझं मॉडेल तो पकडायचंच. पण दर रविवारी दुपारीही बोंब ठोकायचं.

"रविवारचं खरं आहे," सर म्हणायचे. "खऱ्याला खोटं म्हणणारा वॉचमन काय कामाचा? सही नाही."

सहीवाचून थिसिस अडला. त्या रविवारला मी महिनोन् महिने शिव्या घातल्या. शेवटी एका सोमवारी आकडे ओळीनं वाचायला बसले. गीझर एका माणसापुरता. पंखा एकच. आणि विजेची शेगडी सलग तीन तास! एकट्याच्या घरात पंगतीचा स्वयंपाक, मॉडेलला तरी कसा पटावा?

तेवढ्यात सर नेहमीचा सोमवारचा मोठा डबा घेऊन आले. दिवाळे गावच्या मासळी बाजारातले बोंबील, भाकऱ्या. "काल पाहुणे आलते. उरलंय, संपवा."

हे खोटं आम्ही दोन वर्षं मिटक्या मारत खाल्लं होतं. पाहुणे कुठले, पंखा तर एकच फिरला होता.

सरांना काही बोलले नाही, बाकीच्यांना सांगितलं. पुढच्या रविवारी चौघंही त्यांच्या दारात हजर. सर बनियनवर, हातात कालथा. "फोन तरी करायचा रे!" म्हणत त्यांनी सगळ्या खोल्यांतले पंखे लावले.

त्या रविवारी मॉडेल गप्प बसलं. सोमवारी चहाला मी ऐटीत कागद पुढे केला.

"सही नाही. मॉडेल होतं तसंच आहे, घर बदललंय. अजून चार-पाच रविवार बघावे लागतील." सर चहा ढवळत राहिले. "म्हणजे, आलात तर. नाही आलात तरी मला काय फरक पडत नाही."

"खोटं!" आम्ही चौघं एकदम ओरडलो.

सर धुवायला उठले. कपबशा पाचच होत्या, पण नळ बराच वेळ चालू होता.