आजींच्या प्रकरणाची निर्गती

मी ज्येष्ठ साहाय्य कक्षात वरिष्ठ लिपिक आहे. वृद्ध, निराधार व्यक्ती शोधून त्यांना मदत पोचवणे हे आमच्या कक्षाचे काम. या कामासाठी मी रोज सकाळी आठ दहाची बस पकडतो आणि बसथांब्याच्या बाकावर बसलेल्या एका वृद्ध, निराधार बाईंना चुकवून ऑफिसात पोचतो. सहा वर्षांत एकदाही खाडा नाही.

चुकवायलाही कसब लागतं. कोपऱ्यावरच मोबाइल काढायचा, कपाळाला आठ्या घालायच्या आणि फार महत्त्वाचा निरोप आल्यासारखं वाचत राहायचं. एकदा मोबाइल घरी विसरलो, तर वेळापत्रकाची पाटी वाचत उभा राहिलो. वेळापत्रक कधीच पुसून गेलं होतं, नुसता गंजलेला पत्रा होता. तो मी नऊ मिनिटं वाचला.

मग एके दिवशी घोळ झाला. ज्येष्ठ सन्मान सप्ताहाचं उद्घाटन होतं आणि 'वृद्धांकडे पाहण्याचा आपला दृष्टिकोन' या विषयावर मला बोलायचं होतं. भाषणाचा कागद काढायला वाकलो आणि शर्टाचं पोटावरचं बटण तुटून बाकाखाली गेलं. त्या बटणावर बरीच वर्षं ताण होता.

"दादा, हलू नका," बाई म्हणाल्या. त्यांनी मांडीवरचा पत्र्याचा डबा उघडला, एका दमात सुईत दोरा ओवला आणि मला तिथल्या तिथे शिवायला घेतलं. "कुठं असता कामाला?"

"ऑफिसात."

"कसलं ऑफिस?"

सुई पोटाशी होती, त्यामुळे खोटं बोलायचं धाडस झालं नाही. "म्हाताऱ्या माणसांना मदत करतो आम्ही."

"अरे वा. मग मिळते का?"

"काय?"

"मदत."

"प्रक्रिया चालू असते," मी म्हणालो.

बटण लागेपर्यंत मला सगळं कळलं. नवरा शिंपी होता, तो गेला. मुलगा बदलीच्या गावी गेला, त्याने पत्ता कळवला नाही. रात्री बाई चपलांच्या दुकानाच्या पायऱ्यांवर झोपत आणि दुकान उघडायच्या आत या बाकावर येत. लोक तुटलेलं बटण, उसवलेली शिवण आणून देत, त्यावर चालत होतं.

"तुम्हाला काय हवंय, आजी?" मी विचारलं. माझं वय एक्कावन्न आहे, पण एखादीला आजी म्हटलं की आपण बरेच लहान आहोत असं वाटतं.

"मला काही नको. इथं बसू देतात, तेवढं राहू दे."

बटणाचं त्यांनी काही घेतलं नाही. घेतलं असतं तर विषय तिथेच मिटला असता आणि आजी आजही थांब्यावर असत्या. पण घेतलं नाही, म्हणून मला लाज वाटली, आणि लाज वाटलेला लिपिक फार धोकादायक असतो.

घरी बायकोला सांगितलं. ती म्हणाली, "अहो, मग करून टाका की त्यांचं काम. तुमचंच तर खातं आहे." खात्यात काम होतं ही तिची समजूत मी लग्नापासून मोडलेली नाही.

दुसऱ्या दिवशी मी आजींच्या नावाने अर्ज भरला, स्वतःच स्वीकारला आणि पोच म्हणून स्वतःलाच शिक्का मारून दिला. 'व्यवसाय' या रकान्यापाशी अडलो. शिवण लिहावं तर त्या स्वयंरोजगारी ठरणार आणि मदत बुडणार. विचार करून 'बसणे' असं लिहिलं. पत्ता लिहिला, बसथांबा.

आता नियम असा, की अर्जदाराला तीन वेगवेगळ्या दिवशी अचानक भेट द्यायची आणि तिन्ही वेळा तो दिलेल्या पत्त्यावर सापडला पाहिजे. पाहणी अधिकारी माझ्या शेजारच्याच टेबलावर बसतात, त्यामुळे अचानक भेटीच्या तारखा मला ठाऊक होत्या. मी आजींना बजावलं, "काही झालं तरी बाक सोडू नका." त्यांनी सोडला नाही. दुसऱ्या भेटीला अंगात ताप होता, तरी बसून होत्या.

अहवाल आला. "अर्जदार तिन्ही भेटींत एकाच ठिकाणी आढळल्या. सबब त्यांना कायमस्वरूपी निवासस्थान आहे. निवासस्थान हवेशीर, छप्पर पक्के, वाहतुकीची सोय दारात. निराधार म्हणून अपात्र."

"अहो, तो बसथांबा आहे," मी म्हणालो.

"मी कुठं नाही म्हणतोय?" पाहणी अधिकारी म्हणाले. "म्हणून तर एक प्रत वाहतूक खात्याला पाठवली. त्यांच्या जागेत कुणी कायमचं राहत असेल तर त्यांना कळायला नको?"

आजींनी एकच गोष्ट मागितली होती आणि मी नेमकी तीच धोक्यात घातली होती. तसाच साहेबांकडे गेलो.

"प्रवाशांचा पाठिंबा दाखवा," साहेब म्हणाले. "लोकच म्हणाले बाईंना बसू द्या, तर वाहतूक खातं काय करणार? मात्र छापील नमुना पाहिजे. साध्या कागदाची नोंद होत नाही."

छापील नमुना एकच होता, 'प्रवाशांची तक्रार'. पाठिंब्याचा नमुना आजवर कुणी मागितलाच नव्हता.

"मथळ्याकडे कोण बघतं?" साहेब म्हणाले. "मजकूर नीट लिहा."

मजकुराला दोन ओळींची जागा होती. मी लिहिलं, "थांब्यावर कायम बसणाऱ्या वृद्ध महिलेबाबत तातडीने योग्य ती कार्यवाही व्हावी." नोकरीच्या सव्वीस वर्षांत मी दुसरं वाक्य लिहिलेलं नाही. हात आपोआप तिकडेच गेला आणि वाचून मला ते चांगलंच वाटलं.

पाच दिवस रोज सकाळी मी सह्या गोळा केल्या. "कशाबद्दल आहे?" "आजींबद्दल." "द्या इकडे." एका गृहस्थांनी बसच्या पायरीवरून सही केली आणि आतून विचारलं, "फेऱ्या वाढतील ना?" बाकीच्यांनी कागद आजींच्या डब्यावर ठेवून सह्या केल्या. डबा हलू नये म्हणून आजी दोन्ही हातांनी धरून बसल्या होत्या.

"कशाचा कागद, दादा?"

"तुम्हाला इथून कुणी हलवू नये म्हणून."

"मग माझीही घ्या," त्या म्हणाल्या आणि त्यांनी सावकाश सही केली. एकूण दोनशे बारा झाल्या.

दोनशे बारा प्रवाशांची एकमुखी तक्रार वाहतूक खात्याने आजवर पाहिली नव्हती. नवव्या दिवशी कार्यवाही झाली. बाक गेला. त्या जागी स्टीलची तिरकी पट्टी आली, तिला टेकता येतं, बसता येत नाही. आजी नव्हत्या. चपलांच्या दुकानाच्या पायऱ्यांवरही नव्हत्या. मी त्यांना तीन दिवस शोधलं, म्हणजे बस यायच्या आधी दहा-दहा मिनिटं.

"अभिनंदन," पाहणी अधिकारी म्हणाले. "निवासस्थान गेलं, बाई पात्र झाल्या. त्याच दिवशी मंजुरी टाकली मी." मंजुरीपत्र टपालाने दिलेल्या पत्त्यावर गेलं आणि परत आलं. पोस्टमनचा शेरा होता, 'पत्ता बरोबर, व्यक्ती राहत नाही.' सात दिवसांत कुणी हजर न झाल्याने प्रकरण निकाली निघालं. वर्षातली सर्वांत जलद निर्गती म्हणून मला प्रशस्तिपत्र मिळालं. मी ते घेतलं. नाकारण्याचा नमुना उपलब्ध नव्हता.

त्या सह्यांची प्रत माझ्या खणात आहे. पहिली सही माझी, शेवटची आजींची. मधल्या दोनशे दहांबद्दल मी थांब्यावर एकेकाला गाठून विचारतो, वाचलं होतं का? प्रत्येक जण म्हणतो, ही माझी सहीच नाही. म्हणजे दोनशे दहा सह्या सध्या बेवारस आहेत. सवड काढून तुम्हीही एकदा येऊन बघून जा. सकाळच्या घाईत आपण कुठे कुठे सही केली, ते आपल्याला तरी कुठे आठवतं?