उस्मानभाईंची खुरासणी

उस्मानभाईंनी पहिल्या भेटीत माझ्या तोंडाकडे पाहिलंच नाही. मनगटाकडे पाहिलं.

जुन्नरला मुलींच्या शाळेत मी नवीनच शिक्षिका म्हणून लागले होते. खोली बघायला ट्रंक घेऊन त्यांच्या दारात उभी राहिले, आणि पन्नाशीचा, काळी टोपी घातलेला हा गृहस्थ माझ्या काचेच्या बांगड्यांवर डोळे रोखून म्हणतो कसा, “बाई, ह्यो रंग येक महिन्याच्या बाजरीचा हाय. यातली येखादी फुटली तर फेकू नका. मला आनून द्या.”

मी ट्रंक उचलून परतच निघाले होते. तेवढ्यात आतून त्यांची बायको, खतिजाभाभी, धावत आली. “बाई, घाबरू नका हो! वेडे आहेत, पण वाईट नाहीत. माझ्या लग्नातल्या बांगड्यांचेसुद्धा तुकडे करून ठेवलेत यांनी.”

हे ऐकून मी जास्तच घाबरले. पण खोली हवेशीर होती, राहिले.

वर माझी खोली आणि खाली त्यांचा फोटोचा स्टुडिओ. फोटो निघणार काळा-पांढरा, हे सगळ्या जगाला मान्य आहे, उस्मानभाईंना नाही. काडीला कापूस गुंडाळून ते फोटोवर रंग भरतात. आणि कुठलाही रंग अंदाजाने लावायचा नाही! भाभीचं माहेर बांगडीवाल्यांचं, तिथून फुटक्या बांगड्यांचे तुकडे यायचे. ते दोऱ्यात ओवून केलेली एक लांबलचक माळ उस्मानभाईंच्या गळ्यात असते. साडी असो, भिंत असो, रान असो, आधी माळ समोर धरायची, एक डोळा मिटायचा, जुळणारा तुकडा सापडला की त्याला चिमूटभर चुना लावून खूण करायची. मग घरी येऊन तोच रंग. एकदा ओतूरच्या बाजारात एका बाईच्या लुगड्यासमोर त्यांनी अशी माळ धरली आणि एक डोळा मिटला. बाईचा नवरा मागेच उभा होता. पुढचे पंधरा दिवस उस्मानभाईंचा दुसरा डोळाही मिटलेलाच होता.

धंदा म्हणाल तर यथातथाच. कारण लग्नाचा फोटो म्हटलं की लोकांना नवरी गोरी हवी. आळे गावचे एक सासरे चांगले तावातावाने भांडत होते, मी जिन्यात बसून सगळं ऐकलं.

“अहो, जरा गुलाबी करा की! तुमच्या बापाचं काय जातंय?”

“पोरगी सावळी हाय.”

“ती आहे हो! फोटोत कशाला पाहिजे?”

“हाय ते हाय,” उस्मानभाई म्हणाले. हे त्यांचं शेवटचं वाक्य. ते आलं की वाद संपला. सासरे फोटो न घेताच गेले. सावळी नवरी मात्र चार दिवसांनी गुपचूप येऊन तो फोटो घेऊन गेली आणि जाताना लाजून म्हणाली, “माझ्यासारखी दिसते.”

मी आले ते दुष्काळाचं दुसरं वर्ष. रानात सगळीकडे एकच रंग. उस्मानभाईंची तपकिरी रंगाची बाटली तेवढी संपत आली होती, बाकीच्या वाळून खडखडत होत्या. ते स्टुडिओच्या पायरीवर बसून माळेचे मणी मोजल्यासारखे तुकडे मोजायचे. आणि मग आषाढ सरता सरता पाऊस आला. आला तो असा आला की शाळेला तीन दिवस सुट्टी! आठ-दहा दिवसांत डोंगरापासून खाली नदीपर्यंत नुसती रंगांची झुंबड. कोवळी बाजरी, भाताची खाचरं, बांधावरची निळी-जांभळी रानफुलं, मधे काळी ओली माती. मला तर कुठे बघू आणि कुठे नको असं झालं.

उस्मानभाईंनी दुकानाला कुलूप लावलं, सायकलवर कॅमेरा आणि तिपाई बांधली आणि निघाले. फोटोची गिऱ्हाइकं कुलपाशी बोलून परत जायची. पण रानारानात वेगळीच गंमत! तिपाई रोवून, काळं कापड डोक्यावर घेऊन कुणी बांधावर उभं राहिलं की शेतकऱ्यांना वाटायचं, कूळकायद्याची मोजणी आली. एके ठिकाणी त्यांना चहा-पोहे मिळाले. दुसऱ्या ठिकाणी कुत्रं सोडलं.

“मोजनीवाले न्हाई वो, फोटूवाले!” ते ओरडायचे.

“मानसं सोडून बाजरीचा फोटू? शानपना करतो का रं?”

आता मुद्द्याची गोष्ट. श्रावणात एक पोस्टकार्ड आलं. उस्मानभाईंना उर्दू येतं, मराठी अक्षर अडतं, म्हणून ते वर माझ्याकडे घेऊन आले. पत्र मुंबईहून होतं, कुणा धोंडिबाचं. लिहिलं होतं: पाऊस झाला म्हणतात. पण माझं रान पेरलं कुणी? मोकळ्या रानात येऊन काय करू? पोरगा म्हणतो, इथंच राहा. मलाबी तेच बरं दिसतंय. तुझं बरं चाललं असंल.

उस्मानभाईंनी पत्र घडी करून टोपीत ठेवलं. “बरं,” म्हणाले, आणि खाली गेले.

धोंडिबा कोण ते भाभीने सांगितलं. घोडेगावच्या पुढे, भीमाशंकरच्या वाटेला त्याचं रान. बायको गेलेली. दुष्काळात मुलाकडे मुंबईला गेला. त्याआधी वीस वर्षं दर रविवारी बाजाराला आला की स्टुडिओतल्या स्टुलावर येऊन बसायचा.

“काय बोलायचे दोघं?” मी विचारलं.

“काय नाय. हे रंग लावायचे, तो बघायचा. तासाभरानं ‘येतो’ म्हणायचा. तो गेल्यापासून ते स्टूल पुसून ठेवतात, पण गिऱ्हाइकाला बसू देत नाहीत. कालच एका हवालदाराला उभं ठेवलं यांनी!”

मला लगेच युक्ती सुचली. मी धावत खाली गेले. “उस्मानभाई, सोपं आहे! त्यांच्या रानाचा फोटो काढा, मस्त पिवळाधमक रंग भरा आणि पाठवून द्या. बघून येतील!”

त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं की मी दोन पायऱ्या मागे सरकले. “रानात गवात हाय, बाई. पिवळं कुठनं आनू? हाय ते हाय.”

रविवारी सकाळी मात्र माझ्या दारावर थाप. “बाई, चला. तुमची भाभीबी हाय संगं. मानसं लागत्यात.”

मंचरला एसटी बदलून आम्ही घोडेगाव गाठलं, पुढे चिखलातून चालत. धोंडिबाचं रान म्हणजे गुडघाभर गवत. उस्मानभाईंनी खालच्या बांधावर तिपाई रोवली, कापडात डोकं घातलं आणि आम्हा दोघींच्या हातात खुंट्या देऊन रानात पाठवलं.

“बाई, डावीकडं! आजून डावीकडं! भाभीला म्हनावं, थांब तिथंच!”

त्या कॅमेऱ्याच्या काचेत सगळं उलटं दिसतं हे मला कुणी सांगितलंच नव्हतं. ते डावीकडं म्हणाले की उजवीकडं जायचं, हे कळेपर्यंत मी दोनदा ओढ्यात गेले. शेवटी खुंट्या लागल्या. तिपाईपाशी अरुंद आणि पलीकडच्या बांधाला रुंद होत गेलेली अशी ती जागा. जेवढं कॅमेऱ्यात दिसतं, तेवढीच!

शेजारच्या रानाचे मालक तात्या आपले बैल घेऊन आले होते, एका दुपारपुरते. ते कमरेवर हात ठेवून बघत राहिले. “भाऊ, रान कडंपातुर पेरत्यात. तुमी काय टोपी शिवताय का?”

“फोटूत येवढंच येतंय.”

“आन् बाकीचं?”

“बाकीचं फोटूत न्हाई.”

तात्यांनी बैलांकडे पाहिलं, बैलांनी तात्यांकडे. मग नांगर चालला. उस्मानभाईंनी कोट काढला नाही, टोपी काढली नाही, ओटीत खुरासणीचं, म्हणजे पिवळ्या फुलांच्या कारळ्याचं, बी घेतलं आणि कबुतरांना दाणे टाकावेत तसं फेकत निघाले. खुरासणी उशिरा पेरली तरी येते म्हणे. ही तर भीतीनेच आली असेल.

भाभी घरी येताना एसटीत म्हणाली, “रंग खोटा लावत नाही म्हणता, आणि हे काय केलंत?”

“खोटं कुठाय? आता खरंच पिवळं हुईल.”

दसऱ्याच्या सुमारास खुरासणी फुलली. उस्मानभाईंनी फोटो काढला, माळेतल्या तुकड्याशी रंग जुळवून भरला आणि मुंबईला पाठवला. मी म्हटलं, दोन ओळी लिहून देते. “नगं,” म्हणाले. “लिहिलं की मानूस भीड धरतो.”

नवव्या दिवशी, भर सकाळी, एक उंच वाळका म्हातारा गाठोडं घेऊन स्टुडिओत शिरला आणि सरळ स्टुलावर बसला.

“चल,” तो म्हणाला. “रान दावतो का?”

उस्मानभाईंचा चेहरा पांढराफटक. कॅमेरा घेतला, भाभीने प्लेटांची पेटी घेतली, मी सुट्टीच होती म्हणून मागे लागले. 

आम्ही पोचलो ते वरच्या अंगाने. तिथून दिसलं काय, तर गवताच्या रानात मधोमध पिवळीजर्द पाचर ठोकलेली. एक पाऊल इकडे नाही, तिकडे नाही.

धोंडिबा बघत राहिले. उस्मानभाई घाईघाईने म्हणाले, “फोटूत हाय तेवढं समदं खरं हाय. भाईरचं मी काय म्हनलो न्हवतो.”

धोंडिबा पिवळ्याच्या कडेकडेने चालत खाली गेले. तिपाईच्या जागी उभे राहून त्यांनी वळून पाहिलं. बराच वेळ.

“हितनं बरं दिसतंय,” म्हणाले. “कुनी पेरलं?”

“तात्यांचे बैल व्हते.”

“म्हंजी बैलांनीच पेरलंय. मानसानं येवढं दाट पेरलं नसतं.”

तात्या बांधावर बसून खोखो हसले. धोंडिबा हसले नाहीत. वाकून त्यांनी चार रोपं उपटून विरळ केली, मग आणखी चार. “आता ह्ये काढनार कोन? तू?”

उस्मानभाई गळ्यातल्या माळेचे तुकडे चाचपू लागले.

“म्हंजी मलाच ऱ्हावं लागतंय,” धोंडिबा म्हणाले.

“तिथंच उभा ऱ्हा,” उस्मानभाई एकदम म्हणाले. “फोटू घेतो तुजा.” त्यांनी तिपाई रोवली आणि काळ्या कापडात डोकं घातलं.

धोंडिबा पिवळ्यात ताठ उभे राहिले. आम्ही वाट बघतोय. कापड हलेना. प्लेटांची पेटी भाभीच्या मांडीवर, कडी लावलेली; कॅमेऱ्यात प्लेट नाहीच. मी तिला खूण करणार, तेवढ्यात तिने माझा हात दाबला.

“झालं का रं?” धोंडिबांनी विचारलं.

“हालू नगस,” कापडातून जाडसर आवाज आला. “उजेड नीट न्हाई.”

ऊन नुसतं मी म्हणत होतं. धोंडिबांनी एकदा वर पाहिलं, कपाळावरचा घाम पुसला आणि पुन्हा ताठ झाले.

“व्हय,” ते म्हणाले. “जरा ढगाळच हाय. घे सावकास.”