मागच्या सीटवरची अनुसयाकाकी

माझं लग्न ठरत होतं, तेव्हा मुलगी बघायला अनुसयाकाकी आली होती. तिने मुलीला काही विचारलं नाही. नुसतं आत जाताना, बाहेर येताना बघितलं आणि सगळ्यांसमोर निकाल दिला, "वळताना झोल जात नाय. रस्ता धरून चालते. घ्या."

हे कौतुक आहे, हे सासऱ्यांना पटवून देताना माझ्या नाकी नऊ आले.

काकी म्हणजे माझी सख्खी चुलती. शहापूर-मुरबाड रस्त्यावर आमचं गाव, भाताची शेती, दारात म्हशी. काकी सातवी शिकलेली. तिला गाडी चालवता येत नाही, तिच्या घरात गाडी कधी नव्हती. पण आमच्या भागात कोणी चारचाकी घ्यायची म्हटली की लोक आधी विचारतात, "काकीला दाखवली का?" धसईच्या बाजारात मला कोणी नावाने ओळखत नाही. "मोटारवाल्या काकीचा पुतण्या" म्हणून ओळखतात, आणि खरं सांगतो, मला ते फार आवडतं.

हे सगळं काकांमुळे झालं. काका मुंबईत एका छापखान्यात बाइंडिंग खात्यात होते. सायकलने आसनगावला जायचं आणि पुढे लोकलने. त्या छापखान्यात मोटारींवरचं एक इंग्रजी मासिक निघायचं. कापताना तिरके गेलेले, पानं उलटी लागलेले अंक काका मागून घरी आणत. संध्याकाळी काकी चुलीपुढे भाकऱ्या थापायची आणि काका उंबऱ्यावर बसून एकेक वाक्य मराठीत करून वाचायचे. काकाही मोटारीत फारसे बसलेले नव्हते, पण वाचताना त्यांचा पाय आपोआप क्लच दाबायचा.

हळूहळू त्या मासिकात लिहिणारी माणसं घरातली झाली. एक जण फार उंच होता. प्रत्येक गाडीत त्याचं डोकं आपटायचं. त्याला काकी ‘ताडमाड’ म्हणायची. दुसरा नुसता वेगाचा भुकेला. "त्याचं लगीन झालेलं नाय वाटतं," असं काकीचं निदान. आणि तिसरा तिचा लाडका. तो गाडी तपासायला निघाला की आईला मागच्या सीटवर बसवून न्यायचा. तिच्या गुडघ्यांना चढता-उतरता काय वाटलं, हेही लिहायचा. एकदा त्या लेखात आईचा उल्लेखच आला नाही, तर काकीला पुढचा अंक येईपर्यंत घास गोड लागेना. "बरी हाय ना रे ती? आजारी तर नसंल?"

एकदा चार गाड्यांची झुंज लावलेला लेख आला. काका रंगून वाचत होते, आणि नेमकं शेवटचं पान नव्हतं. कोण जिंकलं ते कळलंच नाही. त्यावरून नवरा-बायकोत वर्षानुवर्षं वाद चालला. काका निळ्या गाडीच्या बाजूने, काकी पांढऱ्या. छापखान्यात विचारून या असं कोणी काकांना म्हटलं, तर दोघांनाही ते नको होतं.

काका गेल्यावर अंक थांबले. मग मी कल्याणहून विकत आणून द्यायला लागलो. आता काकी बोट ठेवून स्वतः वाचते. तिचं इंग्रजी सगळं मोटारीचं आहे. ‘सस्पेन्शन’ शब्द ती माझ्यापेक्षा स्वच्छ उच्चारते, पण ‘हॅपी बर्थडे’ म्हणताना अडखळते.

यंदा मी गाडी घ्यायची ठरवली. काकीला, आईला आणि बायकोला घेऊन कल्याणच्या शोरूममध्ये गेलो. विक्रेत्या पोराने अदबीने पुढचं दार उघडलं. काकी सरळ मागे जाऊन बसली.

"मॅडम, पुढे बसून फील घ्या ना."

"पुढं बसणारा चालवण्याच्या नादात असतो. गाडी कशी हाय ते मागच्याला कळतं."

तिने दार लावलं, कान देऊन आवाज ऐकला. पुन्हा लावलं. पदर अडकतो का बघितलं. मग विचारलं, "मागं किती माणसं बसतात?"

"तीन आरामात."

"कुठली माणसं? आमच्या घरची बसवून दाखव." लगेच माझी आई आणि बायको तिच्या दोन्ही बाजूंना कोंबल्या गेल्या. आईचा चेहरा बघून ती गाडी बाद झाली.

मला छताला काच असलेली गाडी हवी होती. काकी वर बघून म्हणाली, "छपराला भोक? आपल्याकडं पाऊस कमी पडतो काय रे?" विक्रेता पोरगा हसता हसता खाली बसला. नंतर त्यानेच तिच्यासाठी चहा मागवला आणि शेवटी कुठली घ्यावी हे तिलाच विचारलं. तिने सांगितली ती आम्ही घेतली.

दसऱ्याला गाडी दारात आली. काकीने कुंकवाचं स्वस्तिक काढलं, झेंडूची माळ घातली. मी म्हटलं, "काकी, कुठे जाऊ या?"

"माळशेजला."

टोकावड्यापर्यंत तिचं तोंड बंद नव्हतं. खड्डा आला की खड्ड्याला नावं ठेवत होती, गिअर चुकला की मला. घाट लागला तशी गप्प झाली. एका वळणाआधी म्हणाली, "थांबव."

आम्ही उतरलो. खाली दरी होती, पलीकडे पिवळं पडलेलं भात. ती कठड्यावर हात ठेवून उभी राहिली.

"त्या आईवाल्यानं या वळणाचं लिहिलं होतं. फोटू पण होता. तुझ्या काकांनी एसटीनं मला इथं आणलं. इथंच उभं राहून त्यांनी हातात नसलेलं स्टेअरिंग धरलं, नि पुढचं सगळं तोंडपाठ म्हणून दाखवलं. आता डावीकडं वळतो, आता डोंगर मागं राहतो, आता एकदम उघडा माळ लागतो. मी बाजूला दगडावर बसले होते. लोक बघत होते, मला लाज वाटली. चला म्हटलं, एसटी येईल. मग परत फिरलो. पुढचं आमी दोघांनी बघितलंच नाय."

मी तिला मागच्या सीटवर बसवलं. गाडी सुरू केली. रस्ता डावीकडे वळला. डोंगर मागे राहिला, आणि एकाएकी समोर मोकळा माळ पसरला, वाऱ्याने गवत लवत होतं.

आरशात बघितलं तर काकीचे ओठ हलत होते. काकांचं ते पाठ केलेलं ती त्यांच्या चालीत, त्यांच्याच थांब्यांसह म्हणत होती.

मी गाडी परत फिरवायला जागा शोधत होतो.

"परत कशाला?" काकी म्हणाली. "जाऊ दे की अजून."