पिराजीनानांची हजेरी

बंद पडलेल्या जिनिंगच्या रिकाम्या शेडमध्ये रोज सकाळी आठला एक माणूस मोठ्यानं हजेरी घेतो, हे तुम्हाला खरं वाटणार नाही. मलाही वाटलं नव्हतं. पिराजीनाना नाव पुकारायचे, समोरचा 'हजर' म्हणेल इतकं थांबायचे, मस्टरवर खूण करायचे आणि पुढच्या नावाला जायचे. समोर फक्त कबुतरं.

मी लातूरचा कारकून. लोह्याजवळची, कापसातली सरकी काढणारी ही कंपनी दिवाळखोरीत गेली, तेव्हा कोर्टानं नेमलेल्या साहेबांनी मला तिथल्या मालमत्तेची यादी करायला पाठवलं. मालकानं आधीच्या यादीत दोन यंत्रं लपवली होती आणि त्यावरून कोर्टात चांगलीच खडाजंगी झाली होती. आता नवी यादी, सोबत हजेरी ठेवणारे जुने टाइमकीपर म्हणून नानांचं शपथपत्र, असा हुकूम होता.

नानांनी हुकूम फारच मनावर घेतला. "कोर्टाला समदं सांगायचं," हे त्यांचं पालुपद. तीन पायांचं स्टूल लिहायला लावलं. फुटकी शिट्टी लिहायला लावली. मांजर आडवी गेली तर म्हणाले, "हिलाबी लिवा. गाभण हाय, तेबी लिवा. उद्या कोर्ट म्हणंल, पिल्लं लपवली." मी निमूट लिहिलं.

हजेरीच्या शेवटी एक नाव यायचं, "रुक्मिण!" इथं नाना जास्त थांबायचे. आणि सरकीच्या कोठीचं लोखंडी दार आतून एकदा वाजायचं. नाना "हाव" म्हणायचे आणि मस्टर मिटायचे.

पहिल्या दिवशी मी हसलो. दुसऱ्या दिवशी दाराचं कुलूप ओढून पाहिलं. तिसऱ्या दिवशी किल्ली मागून कोठी उघडली. आत सरकीचा दाणा नव्हता, उंदीर नव्हता, खिडकीसुद्धा नव्हती. माझी पाचावर धारण बसली, खोटं कशाला सांगू! मस्टर चाळलं, तर त्यात रुक्मिण कुठंच नाही.

"नाना, ही कोण?"

"माझी बायकू."

ती इथंच कामाला होती. एका सकाळी कोठीत पोत्यांची थप्पी तिच्या अंगावर आली आणि ती जागीच गेली. मस्टरात नाव असतं तर मालक अडकले असते. त्यांनी सांगितलं म्हणून नानांनी दोन दिवस बसून अख्खं मस्टर नव्यानं लिहिलं आणि चौकशीत सांगितलं, ती कामाला नव्हतीच.

"माझ्या हातानं गाळलं तिला. तवापासून मी बोलावून राहिलो, ती जाब देऊन राहिली."

शपथपत्राचा कागद समोर होता. कोर्टाला समदं सांगणारा माणूस पेन हातात घेईना.

"साहेब, हे लिवलं की जाईल का हो ती?"

मला काय ठाऊक! मीच पेन उचललं. नानांनी सांगितलं आणि मी लिहून घेतलं: 'रुक्मिण त्या दिवशी कामावर हजर होती. मस्टर मी बदललं.' त्यांनी सही केली.

शपथपत्र कोर्टात दाखल झालं. दुसऱ्या सकाळी प्रत द्यायला गेलो, तर हजेरी चालूच होती.

"रुक्मिण!"

आम्ही दोघंही दाराकडं बघत राहिलो. दार वाजलं नाही. नानांनी पुन्हा हाक मारली, हळू, घरात मारावी तशी. काहीच नाही. ज्या आवाजानं माझी गाळण उडाली होती, तो यावा म्हणून मी मनातल्या मनात देवाला हात जोडले.

नानांनी मस्टरच्या तळाशी तिचं नाव लिहिलं, पुढं खूण केली.

"सुटली बिचारी," ते म्हणाले. मग त्या तीन पायांच्या स्टुलावर तोल सावरत बसले आणि मला विचारलं, "उद्या आठला मी आता कोणाला बोलावू, साहेब?"