वृंदाची ओ

गणपती उठले आणि त्याच आठवड्यात वृंदाची ओ संपली. वृंदा म्हणजे माझ्या धाकट्या भावाची, हेमंतची बायको. बाकी तिचं सगळं ठीक होतं. बोलत होती, जेवत होती, पोळ्या लाटत होती. फक्त कुणी हाक मारली की तोंड उघडायची आणि आतून ओ यायची नाही.

ओ अशी एकदम संपत नाही, आधी बारीक होते. पण त्या घरात लक्ष कुणाचं असणार? सकाळी डोळा उघडल्यापासून "आई, माझे मोजे", "वृंदा, माझा चष्मा", "अगं, टॉवेल" चालू. मी कराडातच, चार गल्ल्या पलीकडे राहते. जाऊन हेमंतला म्हटलं, अरे बाबा, हिला दवाखान्यात ने. तर म्हणे, येईल आपोआप, मागे सर्दीत अशीच बसली होती.

अवघड झालं ते मनवाचं. मनवा त्यांची साडेचार वर्षांची मुलगी. ती आईसमोर उभी राहून "आई, आई" करत राहायची. वृंदा तिला पोटाशी धरायची, पण पोटाशी धरणं वेगळं आणि ओ वेगळी. पोर जेवेनाशी झाली, तेव्हा मीच वृंदाला रिक्षात घातलं.

नगरपालिकेच्या दवाखान्यात ओ तपासणाऱ्या डॉक्टरीणबाई बसतात. त्यांनी वृंदाच्या गळ्याला नळी लावली आणि शिपायाला दाराबाहेरून हाक मारायला सांगितलं. त्यानं बिचाऱ्यानं घसा बसेपर्यंत मारली. बाई म्हणाल्या, पार आटली आहे, इतकी आटेपर्यंत घरचे काय करत होते? मी म्हटलं, हाका मारत होते.

उपाय त्यांनी सांगितला तो साधा होता. ओ ओनंच भरते. वृंदानं हाक मारायची आणि दुसऱ्यानं मनापासून ओ द्यायची. तोवर तिला कुणी हाक मारायची नाही. घरी येऊन हे सांगितलं तर आमची आई म्हणाली, मग माझ्या गोळ्या कुठे आहेत ते कुणाला विचारू?

त्याच दुपारी उपचार सुरू केले. वृंदानं हेमंतला हाक मारली, "अहो." तो मोबाईलमधून मान वर न काढता म्हणाला, "हं." दवाखान्यात फोन करून विचारलं, तर हं चालत नाही. आमच्या आईला हाक मारली, ती म्हणाली, "आता काय गं?" तो प्रश्न झाला, ओ नव्हे. मला "ताई" म्हणाली, तर मी सवयीनं "आले, आले" म्हणून बसले. तेही बाद. ओ द्यायची रीत आमच्या घराण्यात फक्त सुनांनाच असावी.

बाईंनी पुढच्या खेपेला विचारलं, माहेरी ओ देणारं कुणी आहे का? वृंदा म्हणाली, "आई द्यायची. ती गेली." एवढंच म्हणाली आणि पदराचं टोक बोटाला गुंडाळत बसली. मला फार वाईट वाटलं.

एका रविवारी मी तिच्याकडे होते. पोळी उलटताना तिचा हात तव्याला लागला आणि ती कळवळून म्हणाली, "आई गं!"

बाहेरच्या खोलीत मनवा भातुकली मांडून बसली होती. भातुकलीत ती आई होती. तिनं तिथूनच ओ दिली. "ओऽ!" चांगली लांब, खणखणीत.

वृंदा ओट्यापाशीच खाली फतकल मारून बसली आणि रडली. मनवा धावत आली, "आई" म्हणाली आणि वृंदाच्या तोंडून ओ आली. बारीकशीच, पण ओच. मलाही रडू आवरेना. संध्याकाळी हेमंतनं पेढे आणले.

दुसऱ्या दिवशी दवाखान्यात गेलो. बाईंनी वृंदाचा गळा ऐकला आणि समाधानानं मान हलवली. मग सहज म्हणून मनवाच्या गळ्याला नळी लावली. बराच वेळ ऐकत राहिल्या.

"हिची कमी झाली आहे," त्या म्हणाल्या.

"भरेल ना?" वृंदानं विचारलं.

"तुम्ही देत राहिलात तर भरेल. पण हिच्याकडून पुन्हा घेऊ नका. मुलगी आहे, पुढे लागणार आहे तिला."

याला आता वर्ष होत आलं. वृंदा मनवाच्या प्रत्येक हाकेला ओ देते, आणि एकदा द्यायला लागली म्हटल्यावर बाकीच्यांनाही देतेच. परवा माझ्यादेखत तिच्या पायावर कुकर पडला. अंगठ्याचं नख काळंनिळं झालं. तिनं ओठ घट्ट मिटले, मनवा कुठे आहे ते पाहिलं आणि कुकर उचलून ओट्यावर ठेवला.

हेमंत म्हणतो, बरी झाली एकदाची.