दहिवलीची फरार हस्की

माझी नजर घारीची, बुद्धी वस्तऱ्याची आणि नम्रता तर विचारूच नका. मी हिरामण, कर्जत-खालापूर पट्ट्यातला एकमेव खाजगी गुप्तहेर. दुसरा कुणी या धंद्यात उतरायला धजलाच नाही, यात सगळं आलं.

दहिवलीच्या ऋतिकची हस्की कुत्री, राणी, परवा गायब झाली. हा पोरगा बापाच्या गोठ्यात कुत्री पाळून मोबाइलवरून पिल्लं विकतो. मी घटनास्थळ तपासलं. तापलेले पत्रे, पिंजऱ्याला चिकटून पिंजरा, धापा टाकणाऱ्या कुत्र्या, पाण्याची भांडी कोरडी.

"एक वेत झालं की लगेच दुसरं, काका," ऋतिक अभिमानानं म्हणाला. "राणीची गिऱ्हाइकं थांबल्यात. शोधून द्या."

इतकं भरलं घर सोडून ती आपणहून जाईलच कशाला? म्हणजे अपहरण!

पहिला संशय बिबट्यावर. ठसाही सापडला, पण तो माझ्याच चपलेचा निघाला. बिबट्याला मी मोठ्या मनानं सोडून दिलं. मग विचार केला, हस्की बर्फातली, म्हणजे ती उत्तरेला पळणार. उत्तरेला शेलू. तिथे एका पामेरियनची कसून चौकशी केली, पण त्यानं तोंड उघडलं नाही. शेवटी बर्फाच्या गोळेवाल्यावर पाळत ठेवली आणि पुरावा वितळू नये म्हणून खाऊन टाकला.

घरी आलो तर बायको, मैना, दारातच उभी.

"आदी आंगोळ करा. परवापासून वास मारताय."

मोरीचं दार उघडलं. ओल्या फरशीवर राणी पसरली होती!

"परवाच शिरली, गारव्याला," मैना म्हणाली. "तुमी आंगोळ केली असती तर केस तवाच सुटली असती."

मी विजयी मुद्रेनं ऋतिकला फोन लावायला निघालो. तेवढ्यात राणीनं मान उचलली. पट्ट्याखाली जखम चिघळली होती, आचळं लोंबत होती. मी हातातला फोन परत खिशात टाकला.

"त्याला सांगू नका," मैना म्हणाली. "मी फोन केलाय, प्राणीमित्र पोलिसांना घेऊन खोपोलीवरनं निघाल्यात. आदी कळलं तर बाकीच्या कुत्र्या टेंपोत घालून पळवील तो."

इतक्यात अंगणात ऋतिकचीच बाइक थांबली. मी मोरीच्या दाराला पाठ लावून उभा राहिलो. आयुष्यातली पहिली सुटलेली केस माझ्या मागे शिंकली.

"सर्दी झाल्ये मैनाला," मी म्हणालो. "राणी नाय सापडली रं. कायसुद्धा पत्ता नाय."

ऋतिकनं आत डोकावूनही पाहिलं नाही.

"वाटलंच मला," तो म्हणाला आणि किक मारून गेला.

इतका मोठा अपमान मी पहिल्यांदाच आनंदानं गिळला.