यादीतली अठरावी ओळ

सुनेच्या कामात तोंड घालायचं नाही, असं जीवराम नानांनी त्या सकाळी ठरवलं. (तोंड घातलंही नाही. हात घातला.)

सून हेमांगी फवारणीच्या ड्रोनचं लायसन काढून आली होती. पहिलं गिऱ्हाईक चोपड्याजवळचे प्रेमराजभाऊ, पंधरा एकर कपाशीवाले. आज मशीन नीट उडालं तर हंगामभराची फवारणी तिची. नाही तर पाठीवर पंप घेतलेले दोघं बांधावर तयारच उभे होते, दात काढत.

नाना तर लग्नघरच्या यजमानासारखे धोतर सावरत भिरभिरत होते. कधी उडतंय, असं झालं होतं त्यांना. आणि ही बाई कागद घेऊन बसलेली. पाती घट्ट आहेत का, बॅटरी भरली का, टाकी गळते का, विजेच्या तारा किती लांब, अशा सतरा ओळी. एकेक तपासायची, टिक करायची.

"बैल जुपतांना आम्ही कधी कागद वाचा नही," नाना म्हणाले.

"बैल डोक्यावर पडत नाही, नाना." एवढं बोलून ती माणसं मागं सारायला गेली.

एवढं महागाचं वाहन, आणि सतरा ओळींत पूजेची एक नाही! नानांनी खिशातली लिंबू-मिरची काढली आणि मशीनच्या नाकापुढे, त्या गोल काचेसमोरच, करकचून बांधली.

ड्रोन उठला. नानांनी टोपी वर फेकली. पण ड्रोन जागीच घोंघावत राहिला. समोर अडथळा आहे, असं रिमोट ओरडू लागला.

"समोर काही नही शे, जाऊ दे!" नाना त्याच्यावर ओरडले.

पंपवाले हसले. प्रेमराजभाऊंनी मोटारसायकलची चावी काढली. हेमांगीनं शांतपणे ड्रोन उतरवला, कागद काढला आणि पहिल्या ओळीपासून पुन्हा सुरुवात केली: यंत्राभोवती एक फेरी. अर्ध्या फेरीत लिंबू सापडलं.

सगळ्यांनी नानांकडे पाहिलं. नानांनी आभाळाकडे.

प्रेमराजभाऊंनी चावी खिशात ठेवली. "एवढे लोक हसत असताना जी पुन्हा पहिल्यापासून तपासते," ते म्हणाले, "तीच माझ्या शेतात फवारेल."

त्या दिवशी पंधराही एकर झाले. श्रेय लिंबाचं, असं नाना संध्याकाळपर्यंत सांगत होते.

दुसऱ्या शेतावर त्यांना कागदाच्या तळाशी पेननं लिहिलेली नवी ओळ दिसली. त्यांनी ती वाचायला लावली.

"अठरा," हेमांगीनं वाचलं. "नाना लांब, खाटेवर बसले आहेत का?"

नाना मुकाट्यानं जाऊन बसले. तिनं टिक केली.

हल्ली ते गावभर सांगतात, की मी बसल्याशिवाय ते मशीन उडतच नाही. आणि यात खोटं काहीच नाही.